शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं, हे किती दिवस?

प्रश्न : ताई, माझं वय ३१. शाळेत शिकवते. सात महिन्यांपूर्वी पहिलं बाळंतपण झालं. कळा खूप वेळ चालल्या, शेवटी व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, टाके पडले. तेव्हापासून खोकले, शिंकले, मोठ्याने हसले की थोडी लघवी निसटते. जिना भराभर उतरतानाही. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टर 'सगळं नॉर्मल आहे' म्हणाल्या, मीही जास्त काही बोलले नाही. सासूबाई म्हणतात, 'बाळंतपणानंतर होतंच, आम्हीही काढलं की सगळं.' एक रील बघून दोन महिने रोज दोनशे वेळा कीगल करते आहे. फरक शून्य. उलट नवऱ्याजवळ जाताना आग होते, दुखतं, म्हणून मी टाळते. वाढवून घेतलेली रजा संपत आली, पुढच्या महिन्यात शाळेत रुजू व्हायचंय. मैत्रीण म्हणते, पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. पण तिथे आतून तपासतात म्हणे. लाज वाटते, आणि घरी काय सांगून जायचं? अजून काही महिने वाट बघू का? की माझंच काही चुकतंय?

उत्तर :

ताई म्हणालीस, तर मीही सरळ अगं-तुगं करते.

'मीही जास्त काही बोलले नाही' हे वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंयस. मला वाटतं, गोष्ट तिथूनच सुरू होते. सहाव्या आठवड्याला डॉक्टर काय बघतात? टाके भरले का, गर्भाशय पूर्वीच्या आकाराला आलं का, अंगावरून जाणं थांबलं का, बीपी, दूध, आणि पाळणा लांबवायचं काय ठरवलंत. हे सगळं ठीक होतं म्हणून त्या नॉर्मल म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरतं ते खरंच होतं. खोकल्यावर लघवी निसटते का, हे त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तुझा हा त्रास त्या 'नॉर्मल'मध्ये मोजलेलाच नाही. तुला बोल लावत नाही. बाहेर वीस जणी नंबर लावून बसलेल्या, शेजारच्या खुर्चीत सासूबाई, मांडीवर किरकिरणारं बाळ. अशात कोण तोंड उघडणार?

आता सासूबाईंचं 'होतंच'. अर्धं खरं आहे. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होतो. पण दाढही पुष्कळांची किडते, म्हणून कोणी ती तशीच ठेवून देत नाही. आणि 'आम्हीही काढलं' म्हणजे काय काढलं, हे मी रोज बघते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतिणींबरोबरच काम करते. पण माझ्याकडे साठीच्या बायकाही येतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवणाऱ्या, पिशवीत जास्तीचा परकर घेऊन फिरणाऱ्या, बसने अष्टविनायकाला जायचं म्हटलं की ऐन वेळी 'गुडघे दुखतात' म्हणून घरी राहणाऱ्या. गुडघे बरे असतात. आपल्याकडे 'अंग बाहेर येतं' असं दबक्या आवाजात म्हणतात ना, तेही कित्येकींनी वीस-वीस वर्षं कोणाला सांगितलेलं नसतं.

मुळात बिघडलंय काय, ते समजून घे. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी टांगलेली असते, तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाळाला झोळीत घालतो, तशी मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिने खालून तोलून धरलेलं असतं. लघवीची, बाळाची आणि शीची वाट तिच्यातूनच जाते, त्या वाटा आवळायचं कामही तिचंच. बाळ बाहेर येताना या झोळीचा आतला काठ किती ताणला जातो, याचं गणित अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात कॉम्प्युटरवर प्रतिकृती करून मांडलं होतं, २००४ मध्ये. उत्तर आलं, मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त. तुझ्या वेळी वर व्हॅक्यूमची ओढही होती.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिजिओथेरपिस्ट हजर असतो. इथे तिपटीने ताणलेल्या स्नायूची कोणी विचारपूस करत नाही. सव्वा महिना डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेक-शेगडी, धुरी सगळं साग्रसंगीत होतं (आणि मी त्याच्या विरोधात मुळीच नाही, माझ्या आईच्या हातचे डिंकाचे लाडू मला अजून आठवतात), पण या झोळीच्या वाट्याला काहीच येत नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर याच स्नायूंच्या उपचारांच्या साधारण दहा बैठका सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात. आपल्याकडे मैत्रिणीने कानात सांगावं लागतं.

आता तुझे ते दोनशे.

कीगल हे व्यायामाचं नाव नव्हे, डॉक्टरचं आडनाव आहे. आर्नल्ड कीगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये ही झोळी आवळून सोडायच्या व्यायामांवर लेख लिहिला. त्याने बायकांना नुसतं 'आवळा' म्हणून घरी पाठवलं नव्हतं. योनीमार्गात ठेवून दाब मोजायचं एक साधन त्याने बनवलं होतं. बाई आवळायची आणि काटा हलला की तिला स्वतःलाच दिसायचं की बरोबर स्नायू हलला. रीलवाल्यांनी काटा टाकून दिला, आकडा तेवढा ठेवला. आणि काट्याशिवाय काय होतं? १९९१ मध्ये अमेरिकेतच ४७ बायकांना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला लावला. जेमतेम निम्म्या जणींना तो जमला. जवळपास चौथा हिस्सा बायका अशा करत होत्या की त्याने गळती वाढायचीच शक्यता. वर ओढून घेण्याऐवजी त्या खाली जोर देत होत्या, कुंथल्यासारखा.

तेव्हा 'माझंच काही चुकतंय का' याचं उत्तर: व्यायाम चुकत असेल, तू चुकलेली नाहीस. न बघता हा व्यायाम शिकवणाराच चुकला.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. लघवी निसटते म्हणजे स्नायू ढिला, आणि ढिला म्हणजे अजून आवळा, असं तू धरून चालली आहेस. सगळेच धरतात. आता एक कर. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळ आणि हा परिच्छेद संपेपर्यंत तशीच ठेव. टाक्यांच्या भीतीने, दुखेल या धास्तीने, 'निसटू नये' या विचाराने काही जणींचा हा स्नायू दिवसभर असाच आवळलेला राहतो. त्यांना ते जाणवतही नाही. असा स्नायू दमलेला असतो. शिंक आली की त्याने पटकन आणखी आवळायचं, पण आवळायला जागा कुठे उरलीय? म्हणून लघवी निसटते. आणि जवळ येताना तो सैल होत नाही, म्हणून दुखतं. आता त्याच मुठीने पाण्याचा तांब्या उचलून बघ. बोटं अवघडलेली असतील.

तुझं असंच आहे, असं मी पत्रावरून छातीठोक सांगू शकत नाही. आग व्हायची आणखी दोन कारणं तुझ्या बाबतीत शक्य आहेत. अंगावर पाजत असलीस तर शरीरातलं इस्ट्रोजन हे हार्मोन कमी असतं, आतली त्वचा कोरडी आणि नाजूक होते. दुसरं, टाक्यांचा व्रण. तो भरताना कधी कधी ताठर होतो आणि खेचतो. तिन्हींचे उपाय वेगळे. कोरडेपणाला वंगण किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने दिलेलं मलम, व्रणाला हलक्या हाताने मोकळं करणं, आवळलेल्या स्नायूला आधी सैल सोडायला शिकवणं. दोनशे कीगल यातल्या एकावरही उपाय नाही. तेव्हा तपासणी होईपर्यंत ते बंद कर. आजपासून.

तोवर एवढंच करून बघ. एक नॅपकिन लांबट गुंडाळ, लाकडी खुर्चीवर पुढून मागे लांब असा ठेव आणि त्यावर दोन्ही बाजूंना पाय येतील अशी बस. श्वास सोडताना गॅस आणि लघवी एकदमच थोपवतेस असं मनात आणून आतून हलकेच वर घे. नॅपकिनवरून काहीतरी किंचित उचललं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. मग सोड, आणि ते पुन्हा नॅपकिनवर पूर्ण टेकतंय का ते बघ. हे टेकणंच बहुतेक जणी विसरतात. श्वास कोंडला, कुल्ले वर आले, पोट पुढे फुगलं किंवा नॅपकिनवर खाली दाब जाणवला, तर थांब. दोन-तीनदा पुरे, ही तुझी तू घेतलेली चाचणी आहे, व्यायाम नव्हे. आणि लघवी करताना मधेच धार थांबवायचा 'व्यायाम' रोज करू नकोस. त्याने मूत्राशय धड रिकामं होत नाही.

वाट बघावी का? बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने शरीर स्वतःच पुष्कळ दुरुस्ती करतं, त्यामुळे दीड महिन्याच्या बाळंतिणीला मी 'धीर धर' म्हणेन. तुला सात महिने झाले, वर दुखणं आहे. वाट बघून काही मिळणार नाही. धावत सुटावं असंही काही नाही. येत्या पंधरा दिवसांत वेळ घे, इतकंच. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनात खोकल्या-शिंकल्यावर होणाऱ्या गळतीसाठी सगळ्यात आधी सांगितलेला उपाय हाच आहे: जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने या स्नायूंचे व्यायाम. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर. आणि त्यातला आकडा माहीत आहे? किमान आठ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा. आठ त्रिक चोवीस. दोनशे कुठून आले देव जाणे. अर्थात हे चोवीसही आवळलेला स्नायू सैल व्हायला लागल्यानंतरचे.

आता लाजेचं. आत काय होतं ते माहीत नसलं की मन नाही नाही ते रचतं, म्हणून सांगते. पहिल्या भेटीतला निम्मा वेळ नुसत्या बोलण्यात जातो. दिवसातून किती वेळा जातेस, पाणी किती पितेस, शीला कुंथावं लागतं का, कळा किती वेळ होत्या. डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, टाके किती खोलवर होते ते त्यावर बहुधा लिहिलेलं असतं. मग श्वास, पाठ, पोट बघतात. उताणी झोपून डोकं उचललंस की पोटाच्या स्नायूंमधल्या फटीत किती बोटं मावतात ते बघतात. आतली तपासणी त्यानंतर आणि तू हो म्हटलंस तरच. दार बंद, अंगावर चादर, हातमोजा घातलेलं एक बोट, त्याला जेल. डॉक्टरांकडचं ते थंडगार लोखंडी साधन इथे सहसा नसतं. 'आवळ', 'सोड', 'खोक' असं सांगत जातात आणि कुठे दुखतं ते विचारतात. मधेच थांबवायचा हक्क तुझा. 'आज नको' म्हणालीस तरी उपचार अडत नाहीत, बाहेरून बघूनही सुरुवात करता येते. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

माणूस मात्र नीट बघून निवड. फिजिओथेरपीची पदवी हवी, महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच करू नकोस. फोनवरच विचार, 'बाळंतपणानंतरच्या पेल्विक फ्लोअरचं काम करता का? तपासणारी बाईच असेल ना? एका वेळची फी किती?' काडीचाही अनुभव नसलेले 'पोस्टपार्टम कोच' हल्ली पायलीला पन्नास झालेत. बाई न तपासता पहिल्याच दिवशी वीस बैठकांचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्यांपासूनही लांब राहा. गावात कोणी नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो का ते बघ, तिथे खर्चही कमी. एकदा प्रत्यक्ष तपासून घेतलं की पुढचं बरंचसं व्हिडिओ कॉलवर चालतं.

घरी काय सांगायचं? 'टाक्यांसाठी फिजिओथेरपीला जातेय, डॉक्टरांनी सांगितलंय.' यात खोटं काही राहू नये म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, या वेळी एकटी जा, लघवीचं आणि दुखण्याचं दोन्ही सांग आणि चिठ्ठी घे. लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, तेही त्या बघतील. आपल्या घरांमध्ये सुनेच्या तोंडच्या चार वाक्यांपेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीला वजन असतं. आवडत नाही मला, पण वापरून घे.

नवऱ्याला मात्र अर्धवट सांगू नकोस. तू टाळतेस एवढंच त्याला दिसतं; का टाळतेस ते तो आपल्या मनाने ठरवत असणार, आणि नवरे हे हमखास चुकीचं ठरवतात. 'मला दुखतं, त्यावर उपचार घेणार आहे, तोवर तेवढं नको, पण जवळ ये' इतकं बोललीस तरी घरातली हवा बदलेल. क्लिनिकच्या वेळेला बाळ त्याने सांभाळायचं, हेही त्याच दमात सांगून टाक.

शाळेचा महिना तोंडावर आहे, तर थोडं तिथलं. शिक्षिकांची एक जुनी खोड मला ठाऊक आहे: स्टाफचं टॉयलेट लांब, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय जास्त चुरचुरतं, बद्धकोष्ठ होतो, आणि कुंथलं की तीच झोळी पुन्हा खाली ढकलली जाते. पाणी घोट घोट पीत राहा. याच्या उलट दर तासाला घंटा झाली की 'उगाच एकदा जाऊन येते' हेही नको; मूत्राशयाला अर्धं भरल्यावरच हाक मारायची सवय लागते. चोवीस तासांत सहा-आठ वेळा ठीक. एक युक्ती पुढे कामाला येईल: शिंक येतेय असं वाटलं की ती बाहेर पडायच्या क्षणभर आधी वर आवळून घ्यायचं, शिंक गेली की सोडायचं. ही युक्ती शिकवल्यावर आठवडाभरातच अमेरिकेत १९९८ मध्ये वयस्क बायकांमधली खोकल्यावरची गळती बरीच कमी झाल्याचं दिसलं होतं. तुझं दुखणं कमी झालं की तुलाही शिकवतील. तोवर लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात ते वापर. पाळीचे पॅड या कामाचे नसतात, पातळ लघवी ते झटकन शोषत नाहीत.

घरात कमोड असेल तर पायाखाली जेवणाचा जुना पाट घे, गुडघे वर येतात आणि शी कुंथल्याशिवाय होते. बाळाला, पाण्याच्या बादलीला उचलताना श्वास कोंडू नकोस, उचलता उचलता सोड. पोट अजून बांधत असशील तर करकचून बांधू नकोस. वरून आवळलं की दाब खाली जातो, आणि खाली कोण आहे ते आता तुला माहीत आहे.

काही गोष्टींना मात्र पंधरा दिवसही थांबायचं नाही. लघवीत रक्त, थंडी-ताप, योनीमार्गातून काहीतरी गोळ्यासारखं बाहेर येणं, गॅस किंवा शी धरून ठेवता न येणं, लघवी तुंबणं, खालच्या भागाला बधिरपणा. यातलं काही असेल तर याच आठवड्यात डॉक्टर. लघवी तुंबली किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी. हे वाचणाऱ्या सिझर झालेल्या मैत्रिणींनीही 'आपलं काय त्यात' म्हणून पान उलटू नये. नऊ महिने ओझं त्यांच्याही झोळीने पेललेलं असतं.

बरं व्हायला किती दिवस लागतील, ते तपासणारीच सांगेल. साधारण तीन महिने मनात धर. दुखणं बहुधा आधी कमी होईल, गळती मागाहून. मधे एखादा आठवडा सर्दी-खोकल्यात पुन्हा जुन्या जागी आल्यासारखं वाटेल. तेव्हा रील उघडू नकोस, थेरपिस्टला फोन कर.

आणि हो, सासूबाई गेल्या मंगळागौरीला फुगडीला उठल्या होत्या का? की 'माझं आता वय झालं' म्हणत भिंतीला टेकून नुसती गाणी म्हणत होत्या? हा स्नायू साठीतही शिकतो. दुसऱ्या खेपेला बाळाला धरायला सोबत हवी म्हणून त्यांनाच घेऊन जा. बाहेरच्या बाकावर बसल्या की आत काय काय विचारतात, ते त्या घरी येताना रिक्षात विचारतीलच.